वेसाव्याची डुक्कर फियाट

वेसावे,
१४ जानेवारी १९७४, संक्रांत

चि. नंदू यास बायचे आशीर्वाद.

तिळगूळ पत्रातून पाठवता येत नाही, म्हणून तुझ्या वाटचाही आम्हीच खाल्ला. तू मात्र गोड बोल. मागच्या पत्रात तुझं बोलणं कमी आणि हुकूम जास्त होते.

इकडे सगळे बरे आहेत. तुझे भावोजी बोट घेऊन गेलेत, आठवडाभरात येतील. मामंजींचा खोकला थंडीपुरता आहे. तू कुवेतमध्ये घेतलेल्या इम्पालाचा फोटो ओट्यावर सगळ्यांनी पाहिला. मामंजींनी तो हातभर लांब धरून बघितला आणि विचारलं, "ही गारी हाय का मचवा?" मला विचारशील तर त्यांचं काही चुकलं नाही. एवढी लांब गाडी आपल्या गल्लीत वळवायची तर आधी दोन घरं पाडावी लागतील. तिकडे पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त, म्हणून तुम्हाला असले हत्ती पोसता येतात. इकडे दिवाळीनंतर भाव असा कडाडलाय की लोक पंपावर नुसती चौकशी करून परत फिरतात. अशा दिवसांत आपली डुक्कर फियाटच शहाणी. थोडं पिते आणि मुकाट धावते.

तू विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते. ताडपत्री तू आणलेली तीच आहे आणि अजून कोरीच्या कोरी आहे. बॅटरी उतरलेली नाही. टायर बसलेले नाहीत. मागची सीट झुरळ लागू न देता जपली आहे. उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत, कारण त्या गाडीत घर करायला उंदरांना सवडच मिळत नाही.

तुझा दोस्त खंडू मिस्त्री अजून सात बंगल्याच्या नाक्यावर गॅरेज चालवतो, आणि गिऱ्हाइकाला गाडीपेक्षा मतं जास्त देतो. अँबेसिडर म्हणजे त्याच्या मते चार चाकांवर ठेवलेला सोफा, चालवणाऱ्यालाही झोप येते. हेरल्ड दिसायला देखणी, पण जोरात वळवली की मागची चाकं पोटाखाली घेते. जीप घेणाऱ्याने बरोबर कंबरेचा वैद्य ठेवावा. आणि नव्या फियाटींचा पत्रा बघून त्याला रडू येतं. आपल्या गाडीचा पत्रा अजून बोटाने वाजवला तर घागरीसारखा वाजतो. त्याच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही. अँबेसिडर त्याला समजलेलीच नाही, खड्ड्यांच्या रस्त्यावर तिच्यासारखी दुसरी नाही. पण चढाला मात्र आपलीच. परवा असल्फाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गेली, एकदाही कुरकुरली नाही. म्हणजे असं खंडू सांगत होता.

खारचे कुणी प्रधान येतील, त्यांना गाडी दाखव आणि सौदा जमला तर देऊन टाक, असं तू लिहिलंस. येऊ देत. दाराशी आलेल्या माणसाला चहा न देता पाठवायची आपली पद्धत नाही. गाडी का विकायची ते मात्र तू लिहिलं नाहीस. पाच वर्षं ती तुला पाहिजे होती, प्रत्येक पत्रात आधी तिची खुशाली आणि मग माझी. एकाएकी काय झालं?

असो. जेवणाखाणाची आबाळ करू नकोस. तिकडचे मासे कसे असतात ते एकदा सविस्तर लिही, इथल्या बायका विचारतात.

तुझी,
बाय

*

वेसावे,
११ फेब्रुवारी १९७४

चि. नंदू यास आशीर्वाद.

सगळे सुखरूप आहेत. गाडी विकलेली नाही. आता हे पत्र बसून वाच, उभ्याने वाचायचं नाही.

प्रधान संक्रांतीनंतरच्या रविवारी आले. माणूस उमदा, पांढरा शर्ट, बोटांना ग्रीस. ग्रीस बघून मला बरं वाटलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि देवाचा गाभारा उघडल्यासारखे उभे राहिले. मूळ इटलीहून आलेला ब्लॉक, असं स्वतःशीच म्हणाले. मग दरवाजा उघडला, आत वाकले आणि पटकन रुमाल काढला.

"बाई, या गाडीत मासळी ठेवता की काय?"

मी म्हटलं, "ठेवत नाही. नेते."

तर नंदू, ही ती गोष्ट. चार वर्षं मी तुझी गाडी चालवते आहे. तू गेलास त्या पहिल्या पावसाळ्यात ती ताडपत्रीखाली उभी राहिली आणि पावसाळा संपला तेव्हा सुरूच होईना. खंडू म्हणाला, "ताई, गाडी उभी रवली काय मेली." तो दर रविवारी फिरवून आणायचा. मी शेजारी बसायची, कारण तुझी गाडी दुसऱ्याच्या हाती एकटी सोडायची नाही हे तूच बजावलं होतंस. बसून बसून माणूस किती बघणार? एके दिवशी मी म्हटलं, सरक. लायसन काढलं. मागची सीट काढून माळ्यावर ठेवली आणि तिथे मासळीच्या पाट्या बसवल्या. बसवाले आपल्या बायकांना पाट्या घेऊन चढू देत नाहीत हे तुला ठाऊक आहे. आता शेवंती, सोनूबाई आणि मी पहाटेची मासळी घेऊन घाटकोपरला जातो, कधी मुलुंडपर्यंत. बाजारात आमची मासळी सगळ्यांच्या आधी लागते. बायका त्या गाडीला नंदूची गाडीच म्हणतात, आणि ते ऐकून मला दर वेळी बरं वाटतं.

ही कबुली समज, पण माफीबिफी मी मागत नाही. तुझी गाडी आज नव्यासारखी चालते ती या पाट्यांमुळे.

प्रधानांचा बेत काय होता, ते ऐक. त्यांची स्वतःची एक फियाट आहे, शर्यतीसाठी केलेली. तिच्यात त्यांना आपलं इंजिन आणि गिअरबॉक्स घालायचा होता. बाकीचं धूड कुर्ल्याच्या भंगारात. हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं, अगदी सहज. देवनारच्या कत्तलखान्याला न्यायचा बोकड बघायला आलेला माणूस त्याच्या पाठीवरून हात फिरवतो तसा त्यांचा हात मडगार्डवर फिरत होता. मी विचारलं, माझ्या भावाला हे माहीत आहे का? ते म्हणाले, "हो, त्यांना लिहिलंय मी."

नंदू, ते मला फार लागलं. विकायची ती विकायची, पण फाडून?

मी त्यांना म्हटलं, मेलेल्या गाडीचे भाग काढतात, ही जिवंत आहे, बसा. त्यांना घेऊन अंधेरी स्टेशनपर्यंत गेले आणि आले. जाताना ते दरवाजाला धरून होते. येताना त्यांनी हात सोडला आणि मी गिअर कधी टाकते ते बघू लागले. घराशी उतरताना म्हणाले, "बाई, जुहूच्या धावपट्टीवर दहा तारखेला आमच्या क्लबाच्या शर्यती आहेत. अकराशे सीसीपर्यंतच्या गाड्यांत नाव द्या. माझ्या पुढे राहिलात तर मी ही गाडी पुन्हा मागणार नाही. मागे राहिलात तर ठरल्या भावाने इंजिन माझं."

मी हो म्हटलं. तुला विचारलं नाही. पत्र जाऊन उत्तर यायला महिना लागला असता, आणि तू नाही म्हणाला असतास.

त्यानंतर खंडूने गॅरेजला दुपारचं टाळं लावून गाडी खोलली. व्हॉल्व्ह घासले, प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. तुझं ते जुनं खूळ, दोन कार्बोरेटर लावायचं, त्यावर आमचा वाद झाला. तो म्हणाला लावूया, नंदूचं स्वप्न होतं. मी म्हटलं, नंदूच्या स्वप्नाने सहा फेऱ्या पूर्ण होणार नाहीत, एकच ठेव. तुझे भावोजी बोटीवरून आले, सगळं ऐकलं, जेवले, आणि हात धुता धुता एवढंच म्हणाले, "ब्रेक बघून घे." त्यांच्या भाषेत तो आशीर्वाद आहे.

आणि मग मी एक घोटाळा केला. तो वेसाव्याच्या बाईलाच सुचेल.

आपल्याकडे खारा वारा लोखंड कसं खातो ते तुला सांगायला नको. पहिल्याच वर्षी मामंजी म्हणाले होते, "गारीला पन होरीवानी त्याल लाव, पोरी." म्हणून दर वर्षी बोटींना मुशीच्या काळजाचं तेल चोपडतात तेव्हा मी गाडीच्या पोटालाही चोपडते. जुहू-वेसाव्याच्या बाकीच्या गाड्यांच्या तळाला भोकं पडली, बसणाऱ्याला रस्ता दिसतो. आपल्या गाडीच्या तळाला एवढंसं छिद्र नाही. तर शर्यतीच्या आदल्या दिवशी मला वाटलं, बोट दर्यात लोटताना तिला नटवतो, तेल देतो, मग हिला का नको? मी आडवी पडून पोटाला चांगला जाड हात दिला. सायलेन्सरवरही.

शर्यतीला अर्धं वेसावं आलं होतं. आपल्या बायका पाट्या बाजूला ठेवून कठड्याशी उभ्या. एका साहेबाने माझ्याकडे बघून विचारलं, गाडी कोण चालवणार? मी चालवणार म्हटल्यावर त्याने माझ्या लुगड्याकडे पाहिलं. आपलं लुगडं गाडी चालवायला झकास, पाय मोकळे राहतात, हे त्याला काय ठाऊक? हेल्मेट मात्र अंबाड्यावर बसेना. फुलांची वेणी काढून स्टिअरिंगला गुंडाळली, अंबाडा सोडला, तेव्हा ते डोक्यात गेलं.

आठ गाड्या होत्या. सुटताना मी सर्वांत मागे राहिले. सरळ पट्टीवर प्रधानांची गाडी बाणासारखी गेली. पण पट्टीच्या दोन्ही टोकांना पिंपं ठेवली होती, त्यांना वळसा घालून परत यायचं होतं. तिथे सगळे ब्रेक दाबून, किंचाळत, घसरत वळत होते. एक हेरल्ड तर खंडू म्हणतो तशीच चाकं पोटात घेऊन उलट्या तोंडाने उभी राहिली. मला चार वर्षांची सवय, पाट्यांतलं पाणी हिंदकळू न देता वळायची. पाणी सांडलं तर शेवंती मागून शिव्या देते. मी आधीच वेग कमी करून पिंपाला चिकटून वळायची आणि लगेच सुटायची. दर वळणाला एखादी गाडी मागे पडू लागली. तिसऱ्या फेरीला माझ्या पुढे प्रधान धरून चौघेच होते.

तेवढ्यात सायलेन्सर तापला.

आधी वास आला. तव्यावर मुशी टाकल्याचा वास, नंदू, अगदी खमंग. मला वाटलं कठड्याशी कुणी चूल पेटवली. मग आरशात बघते तर मागे पांढरा धूर, इतका की मागची गाडी दिसेना. मी काटा बघितला, इंजिन थंड. मग उमगलं. हसायला आलं आणि घामही फुटला. सुटण्याच्या जागेवरून गेले तर एक माणूस काळा बावटा घेऊन माझ्याकडे बघून जोरजोरात हलवत होता.

आपल्या होड्यांच्या शर्यतीत काठावरून बावटा कुणाला हलवतात? जी होडी पुढे येऊ शकेल तिला. हलवला की जोर लावायचा, हे आपण लहानपणापासून बघतो. मला वाटलं, बघ, साहेब असून आपल्याला जोर देतोय. मी पाय खाली दाबला. पुढच्या फेरीला तो आणखी पुढे येऊन हलवायला लागला, बरोबर दुसराही आला. मी आणखी दाबला, आणखी एक गाडी मागे पडली. कठड्याशी शेवंती ओरडत होती, "चल गो बाय, चल." शेवटच्या फेरीत लांबच्या पिंपाला प्रधान जरा बाहेर गेले. मी आतल्या बाजूने घुसले आणि पुढे झाले. ते धुरात राहिले. त्यांच्या खिडक्या उघड्या होत्या.

रेघ ओलांडली तेव्हा प्रधान एका होडीच्या अंतराने मागे होते. मी तिसरी.

उतरल्यावर कळलं की काळा बावटा म्हणजे गाडी ताबडतोब बाहेर काढा. पेटली असं त्यांना वाटलं होतं. पंचांनी लाउडस्पीकरवरून मला बाद केलं. त्यांचं चुकलं नाही, नियम म्हणजे नियम. खंडूने मान खाली घातली. बाद म्हणजे शेवटची, आणि शेवटची म्हणजे प्रधानांच्या मागे. मी बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले, आणि सांगते तुला, त्या पत्र्याला एवढ्या लोकांत रडू येईल की काय असं मला वाटलं. मला आलंच.

प्रधान हेल्मेट काढून आले. नाकाला रुमाल होता. गुडघ्यांवर बसले, मग पांढऱ्या शर्टासकट आडवे होऊन गाडीखाली गेले. बराच वेळ तिथे होते. बाहेर आले तेव्हा शर्टाची वाट लागली होती.

म्हणाले, "अठरा वर्षांची गाडी, समुद्राकाठची, आणि तळाला गंज नाही. हे काय लावलंय?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत. पंच त्यांना हाक मारत होते, माझा तिसरा नंबर आता त्यांचा झाला होता, कप घ्यायला बोलवत होते. ते तिकडे वळून मोठ्याने म्हणाले, "पंचांनी काय लिहायचं ते लिहावं. शेवटची अर्धी फेरी मी या बाईंच्या मागे होतो, हे माझ्या नाकाला पक्कं माहीत आहे." मग मला नमस्कार केला आणि म्हणाले, "इंजिन जिथे आहे तिथेच राहू दे, बाई. त्याला योग्य घर मिळालंय." कपही त्यांनी घेतला नाही, चौथ्या माणसाला देऊन टाकला. असा खेळाडू माणूस मी पाहिला नव्हता.

घरी येताना गाडीत मागे किती बायका बसल्या होत्या ते मोजलं नाही. अंधेरीच्या नाक्यावर पोलिसाने थांबवलं, आत वाकून बघितलं, वास घेतला आणि जा म्हणाला.

आता जे मला मागच्या पत्रात लिहायचं होतं आणि लिहवलं नाही, ते लिहिते.

परत येणार नाही, असं तू कुठेच लिहिलं नाहीस. तू लिहिलंस, गाडी विक. मी सातवी शिकलेली असले तरी तेवढं वाचता येतं मला. तू गेलास तेव्हा किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला होतास, येईपर्यंत सांभाळ. मी सांभाळली. गाडी चालते आहे तोवर तू येणार, असं मी स्वतःला सांगत होते. असलं बोलून दाखवलं तर शेवंती हसेल म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी गाडीत जाऊन बसले आणि सुरू न करता बसून राहिले.

तुझ्यावर राग नाही. तिकडे तुझं बस्तान बसलंय, तिकडेच घर कर, सुखात राहा. लग्न ठरवलं असशील तर तेही लिही, मुलगी कुठली का असेना, मी बांगड्या पाठवीन. भिऊन गप्प राहू नकोस. तुला मी मोठं केलंय, तुझी गप्प बसायची तऱ्हा मला कळते.

पण गाडी आता तुझी वाट बघायला ठेवलेली वस्तू राहणार नाही. ती मी विकत घेतली. प्रधान देणार होते त्याच भावाने, एक पैसा कमी नाही, मासळीच्या कमाईतून. खंडू कागद पाठवेल, त्यावर सही कर आणि उलट टपाली धाड. बायकांना मी सांगून टाकलं आहे की तिला आता नंदूची गाडी म्हणायचं नाही. काल घरी येताना त्यांची जीभ अडखळली. आज सकाळी घाटकोपरच्या बाजारात एका हमालाने लांबून ओळखून हाळी दिली, रत्नाबायची गाडी आली, जागा करा. नंदू, माझी छाती केवढी झाली म्हणून सांगू.

पाहुणा म्हणून तरी एकदा ये. सांताक्रूझला विमान उतरलं की टॅक्सी करू नकोस, मी बाहेर उभी असेन. सामान मागे पाट्यांच्या जागेवर टाक. तिकडे तुम्ही डाव्या बाजूला बसून गाडी चालवता म्हणे. इथेही डाव्याच बाजूला बस. चाक उजवीकडे आहे आणि ते मी सोडणार नाही.

तुझी बाय,
आणि त्या गाडीची मालकीण,
रत्नप्रभा